गार होईस्तोवर

"दमानं घ्या मिस्त्री. मारायला नाय घेतलीय तिला."

त्या दिवशी दुपारीही ती हेच म्हणाली. शिसवीची पट्टी तापलेल्या पाइपावर आडवी होती, एक टोक माझ्या हातात, एक तिच्या. कंबरेची जागा वाकवायची राहिली होती आणि मला घाई झाली होती. मी जरा जोर लावला. लाकूड आतून बारीक 'कट' असं बोललं. तिनं मान वर केली नाही, नुसतं तेवढं म्हणाली, आणि हातानं पाण्याचा शिंतोडा मारला. वाफ उठली. दोघंही थांबलो. लाकूड ऐकेना तेव्हा थांबायचं, हे मी तिच्याकडून शिकलो.

मग ती म्हणाली, "आली."

आणि खरंच आली. हातातली पट्टी एकदम मऊ होते, ओल्या चामड्यासारखी. ज्याच्या हातात असते त्यालाच कळतं, बघणाऱ्याला दिसत नाही.

ती डावी पट्टी होती. साच्यात बसवली, शिकंजे आवळले. उजवी हौदात भिजत पडली होती. मी म्हटलं, "हिलाही उरकून टाकू." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी शोधायला लागली.

"उजवी सकाली. आता बाजार उठंल. बोंबील आनते, नायतर रातच्याला आमटीच खाल."

"आमटी चालेल."

"मना नाय चालत."

गेली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

गिटार वाजवणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. बनवणारी सहसा दिसत नाहीत. पनवेलला तळ्याच्या मागच्या अंगाला माझी पत्र्याची शेड होती, तिथं आम्ही गिटारचे नुसते खोके करायचो. तारा, खुंट्या, पॉलिश सगळं मुंबईला व्हायचं. खोका म्हणजे वर एक फळी, खाली एक फळी, आणि मध्ये दोन बाजूंनी दोन पातळ पट्ट्या. पट्टी मुळात सरळ असते. तिला पोट, कंबर, खांदा हे सगळं आपण द्यायचं. मशीन नव्हतं आमच्याकडं. बाकाला आवळून बसवलेला, कडेबाहेर आलेला एक लोखंडी पाइप होता आणि त्याच्या तोंडात रॉकेलचा बर्नर, रंगारी जुना रंग जाळायला वापरतात तो. पाइपावर पाण्याचा थेंब टाकला की तो नाचला पाहिजे. बसून राहिला तर पाइप थंड आहे. पडताक्षणी नाहीसा झाला तर जास्त तापला, लाकूड काळं पडणार.

वाकली म्हणजे झाली असंही नाही. गरम पट्टी सोडली की परत सरळ व्हायला बघते. गार होईस्तोवर तिला धरून ठेवावं लागतं, साच्यात नाहीतर हातात. त्यापायी तिच्या तळव्यांची कातडी अशी झाली होती की चुलीवरचा तवा ती फडक्याशिवाय उतरवायची आणि वर मलाच म्हणायची, "कशाला बगता? तवा हाय, इंचू नाय."

ती जासईच्या पलीकडची. घरचं काम मिठागरावरचं. बंदर झालं, मिठागरं गेली आणि तिचा नवरा ट्रेलरवर क्लीनर म्हणून लागला. हे मला पुढं कळलं. माझ्याकडं आली तेव्हा मला फक्त पॉलिशपेपर मारायला बाई पाहिजे होती. दारात उभी राहिली ती एक डोळा पूर्ण मिटलेला, सुजून वांग्यासारखा झालेला.

मी विचारलं, "काय झालं?"

"दार लागला."

"दाराला हात होते वाटतं."

"पाय पन व्हते," म्हणाली, आणि पेपर कुठं ठेवलाय ते विचारून कामाला बसली.

मी तेव्हा एकट्यानं पट्ट्या वाकवायचो, आणि वाकवायचो म्हणजे लाकडाशी मारामारी करायचो. दात-ओठ खाऊन दाबायचो, शिव्या घालायचो. मोडली की तुकडा भिंतीवर आपटायचो. लाकडाचा कारागीर म्हणजे अंगात जोर पाहिजे, असं माझ्या डोक्यात होतं. माझ्या बापाच्याही डोक्यात तेच होतं, आणि त्यानं ते माझ्या पाठीवर काढलं होतं. त्या दिवशी माझी एक पट्टी मोडली, दुसरी मोडली. तिसरी घेतली तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला.

"दमानं घ्या. मारायला नाय घेतलीय तिला."

"तुला काय कळतं गं? पेपर मार गप."

ती उठली. सरळ पाइपापाशी आली आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं.

"मारल्यानं कोन वाकत नाय," ती म्हणाली. "मना ठाव हाय."

मी त्या मिटलेल्या डोळ्याकडं बघितलं आणि हातातला जोर कमी केला. त्या दिवसापासून पट्टीचं एक टोक तिचं झालं.

पहिल्यांदा आम्ही दोघांनी मिळून केलेल्या पट्ट्या फुकट गेल्या, ते सांगतो. पट्टीला एक टोक रुंद असतं, एक अरुंद. वरची कड सरळ, खालची तिरपी. म्हणून चपलेला जसा डावा-उजवा असतो तसा पट्टीलाही असतो. आम्ही पाइपाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहायचो, मी दाराकडं, ती भिंतीकडं. सरळ कड बाकाकडं ठेवायची. मग रुंद टोक माझ्या हातात असलं की डावी होते, तिच्या हातात असलं की उजवी. पण रुंद टोक जड, ते सांभाळणं अवघड, आणि ते बाईच्या हातात द्यायला मी तयार नव्हतो. दोन्ही वेळा मीच धरलं. साच्यात बसवायला गेलो तर दोन्ही डाव्या.

ती इतकी हसली की सुजलेल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं.

"दोनी पाय डावे. हा तुमचा गिटार चालनार कसा?"

त्या दोन पट्ट्या तिनं बाकावरच्या खिळ्याला टांगून ठेवल्या. पुढं उजवी करायची वेळ आली की मी मुकाट रुंद टोक तिच्याकडं करायचो, आणि ती आधी खिळ्याकडं बघायची, मग माझ्याकडं.

तिचा नवरा एकदा सकाळीच आला. हातात टॉमी, ट्रेलरच्या चाकाचे नट सोडवायला असते ती लोखंडी पहार. एक शब्द बोलला नाही. छताला टांगलेले खोके त्यानं एका बाजूनं फोडायला घेतले. एवढं पातळ लाकूड ते, अंडी फुटावीत तसे फुटत होते. मी बाकावरची ठोकायची लाकडी मोगरी उचलून त्याच्या पाठीत घातली. त्यानं वळून टॉमी माझ्या खांद्यावर उतरवली. मी खाली पडलो. तो खांदा अजून कानापर्यंत वर जात नाही. मग त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि फरफटत दाराकडं न्यायला लागला.

बाकाजवळून जाताना तिनं पाय रोवले. पाइप तापलेला होता, सकाळचं काम नुकतंच लावलं होतं. केस धरलेला त्याचा हात तिनं दोन्ही हातांनी मनगटाशी आणि कोपराशी पकडला, पट्टी ठेवतो तसा पाइपावर आडवा ठेवला, आणि दाबला.

त्याची किंकाळी तळ्यापलीकडं ऐकू गेली असेल. जळक्या कातडीचा वास आला. तो सुटायला धडपडत होता, दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर बुक्के मारत होता, तिच्या नाकातून रक्त येत होतं. ती हलली नाही.

"थांब," ती म्हणाली, "आजून नाय आला."

मग त्याची मूठ उघडली. केस सुटले.

"आता आला," म्हणाली, आणि त्याला सोडलं.

तो हात पोटाशी धरून पळाला. टॉमी तिथंच राहिली. पुढं कितीतरी वर्षं आम्ही ती दाराला अडसर म्हणून वापरली.

तिनं जमिनीवरचे उपटलेले केस गोळा केले, बर्नरच्या जाळात टाकले, नाक धुतलं. मी चहा केला. तिनं बशीत ओतला, आणि तेव्हा मात्र तिचे हात थरथरायला लागले. बशी वाजायला लागली. मी माझ्या धड हातानं बशी खालून धरली. ती प्याली. माझं तिच्याशी काय नातं आहे ते मला त्या बशीपाशी कळलं म्हणा.

नंतर तिच्या गावात पंच बसले. तिच्याकडं काडीमोडीची रीत आहे. नवऱ्यानं सगळ्यांच्या समोर वाळकी काडी मोडायची, की बाई मोकळी. तिचा चुलता पंचांत होता, म्हातारा, मिठागरावर उभा जन्म गेल्यानं पायांच्या टाचा पांढऱ्याफटक पडलेला. त्यानं काडी जावयाच्या हातात दिली. जावयाच्या भाजलेल्या हाताला अजून कोपरापर्यंत बँडेज होतं.

तो हसला. "मी नाय मोडत. ती मेली तरी माझीच."

पंच एकमेकांकडं बघायला लागले. कुणी म्हणालं, त्यानं मोडल्याशिवाय कसं. ती बायकांत बसली होती. उठली, चालत मध्ये आली, त्याच्या हातातून काडी हिसकली आणि त्याच्या नाकासमोर कडकन मोडली. मग दोन्ही तुकडे एकत्र धरून परत मोडले.

गलका झाला. बाईनं मोडलेली चालत नाही, असं त्याचा भाऊ ओरडला. अंगावर धावून आला. कुणीतरी त्याला मागं ओढलं, त्यात दोघाचौघांची जुंपली, एकाचं डोकं फुटलं. चुलता बसल्या जागेवरून उठला नाही. गलका जरा कमी झाल्यावर म्हणाला, "काडी मोडलीय का नाय? ज्याला ती चालत नाय, त्यानं पुढं यावा आनि जोडून दावावी."

लोक हसले. तिथं ते संपलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. नवरा जाताना वळून म्हणाला, "मी नाय मोडली. माझ्याकडनं ती तशीच हाय."

ती तुकडे कनवटीला खोचून पनवेलला घेऊन आली. शेडमध्ये आल्यावर बर्नर पेटवला, एकेक तुकडा जाळात धरला, आणि म्हणाली, "पट्टी घ्या मिस्त्री. तापलाय पाइप."

पुढं आम्ही पाट लावला. माझं लग्नाचं वय केव्हाच टळून गेलं होतं. चुलता आला, शेजारचे आले, सगळ्यांना जिलबी दिली. त्यानंतरही ती मला मिस्त्रीच म्हणायची. शेजारची बाई म्हणाली, "अगं, नवऱ्याला मिस्त्री काय म्हणतेस?"

"नवरा एक करून बगितला," ती म्हणाली. "मिस्त्री बरा."

मऊ होती असं मी म्हणणार नाही. तिचं तोंड धारेचं होतं आणि हातही लगेच उठायचा. मुंबईहून एक गिऱ्हाईक आलं, साच्यातल्या पट्टीवरून बोट फिरवत म्हणालं, "बाईच्या कंबरेसारखी असते ना अगदी." हिनं पाइपावर पाणी मारलं. वाफ त्याच्या तोंडावर गेली.

"ही कंबर भाजून केलेली हाय," ती म्हणाली. "तुज्या बायकोची कशी केलीस?"

तो परत आला नाही. मी चिडलो, गिऱ्हाईक गेलं म्हणून. ती म्हणाली, "जावदे. त्याच्या घरी पन पाइप असंल."

तिला मारण्याचा आवाज सोसायचा नाही. आमच्या गल्लीत एक मास्तर शिकवण्या घ्यायचे. पोरांच्या हातावर लाकडी पट्टीनं फटके द्यायचे, आणि ते शेडपर्यंत ऐकू यायचे. एक दिवस ती कामातून उठली, ओल्या हातानं तशीच गेली, मास्तरांच्या हातातून पट्टी घेतली आणि घेऊन आली. मला वाटलं, चुलीत घालणार. तिनं ती हौदात टाकली. दुसऱ्या दिवशी पाइपावर धरली. सागाची होती, पटकन आली. पार अर्धगोल केली, हातात धरून गार केली, आणि मास्तरांना नेऊन दिली.

"घ्या. आता मारा."

मास्तर त्या वाकड्या पट्टीकडं बघत राहिले. पोरं हसायला लागली. शेवटी मास्तरही हसले. ती पट्टी त्यांच्या भिंतीवर बरेच दिवस होती, तिला ते टोपी अडकवायचे.

आमच्या खोक्याचा पुढं आवाज कसा येतो, ते तिनं फार उशिरा ऐकलं. एकदा मुंबईचा दुकानदार तयार गिटार घेऊन आला. शेडमध्ये बसून त्यानं थोडी वाजवली. ती हातातला पेपर खाली ठेवून ऐकत होती. तो गेल्यावर तिनं टांगलेल्या एका खोक्यावर टिचकी मारली.

"भाजली, वाकवली, आवळली," ती म्हणाली, "आनि तरी गोड बोलते. मी नाय बोलले असते."

"तू कुठं गोड बोलतेस?"

"तेच म्हंते मी," म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

मधली वर्षं बरी गेली. तिचा आधीचा नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर झाला, त्यानं दुसरं लग्न केलं, असं कानावर आलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग एक दिवस दुपारी शेडच्या दारात एक पोरगी उभी. खालचा ओठ मधोमध फाटलेला, रक्त वाळून काळं झालेलं. विशीतली असेल. कोण आहे ते तिनं सांगायच्या आधीच हिला कळलं. त्या ओठाकडं बघूनच कळलं असणार.

पोरगी म्हणाली, "तुमाला काय म्हनू? ताई म्हनू?"

"सवत म्हन. सवतच हाय मी तुजी. आत ये, दारात नको उभी राव."

ओठ धुतला, हळद भरली, भात घातला. पोरीला खाता येत नव्हतं, तर ही भात कालवून पेज करून चमच्यानं घालत होती. मी हिला बाहेर बोलावलं. म्हटलं, पोरीला तिच्या आई-बापाकडं पाठवू. इथं ठेवलीस तर तो येणार.

"येवदे."

"अगं, या वेळेला तो पाइपाजवळ हात आणणार नाही."

"मी आलते तवा तुमी मना परत धाडली का?"

पोरगी राहिली. आमच्याच खोलीत, हिच्या बाजूला झोपायची. झोपेत हात तोंडावर घ्यायची. ते बघून हिची झोप जायची.

पुन्हा पंच बसले. या वेळेस तो आलाच नाही, भावाला पाठवलं. काडी मोडायला नवरा नाही. चुलता आता पार थकला होता, त्याला दोघांनी धरून आणून बसवलं होतं. त्यानं काडी हिच्या हातात दिली, हिनं ती पोरीच्या हातात दिली.

"मोड. त्याची वाट बगू नको."

काडी वाकत होती, मोडत नव्हती. ओली होती की काय कोण जाणे. "तुमीच मोडा ताई," पोरगी म्हणाली.

"मी नाय मोडनार. माझी मी मोडली. ही तुजी हाय."

भाऊ शिव्या देत होता. पोरगी रडत होती. ही नुसती समोर उभी राहिली, पाइपापाशी राहते तशी, घाई न करता. मग काडी मोडली. भाऊ जमिनीवर थुंकला आणि गेला. पोरगी आई-बापाकडं गेली, पुढं शिवणकाम शिकली.

त्याचा निरोप आला एका क्लीनरबरोबर. "दोनी काड्या हिनंच मोडल्या. हिची मान मी मोडतो." क्लीनर बिचारा सांगताना खाली बघत होता. हिनं त्याला चहा दिला. म्हणाली, "त्याला सांग, हात बरा झाला का ते विचारलंय."

पण त्या दिवसापासून तिच्या बाजाराच्या पिशवीत शेडमधली मोगरी असायची. भाजीखाली.

आता त्या संध्याकाळचं.

ती बोंबील आणायला गेली होती. मी डावीचे शिकंजे तपासत होतो. बाजारातली एक कोळीण अनवाणी धावत आली. तिच्या लुगड्यावर रक्त होतं. मला वाटलं, माशाचं.

"मिस्त्री, चला."

उरण नाक्याजवळच्या मच्छीबाजारापर्यंत मी कसा पोचलो ते आठवत नाही. पोचलो तेव्हा तो जमिनीवर पालथा होता आणि त्याच्या अंगावर कोळणी बसल्या होत्या, एक मानेवर, एक कमरेवर, दोघी पायांवर. ज्यांना बसायला जागा नव्हती त्या त्याला तराजूच्या वजनांनी मारत होत्या. त्याचे पुढचे दात पडलेले होते. ते तिनं पाडले होते. तो मागून आला, पहिला कोयता तिच्या खांद्यात बसला, ती वळली आणि तिनं पिशवीतून मोगरी काढून त्याच्या तोंडावर घातली. दुसरा कोयता मानेवर बसला. कोळणींनी मला हे सगळं एकदमच सांगितलं, ओरडून, एकीच्या बोलण्यात दुसरी.

ती बर्फाच्या पाण्यात पडली होती. आजूबाजूला बोंबील सांडलेले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडले, मला बघितलं. ओठ हलले. काहीतरी म्हणाली, पण त्या गोंगाटात मला ऐकू आलं नाही. मी कान तोंडाशी नेला. तोपर्यंत बोलून झालं होतं.

रिक्षात तिचा हात माझ्या हातात होता. दवाखाना यायच्या आधीच ती गेली, हे मला कळलं होतं. हात मी सोडला नाही. आत नेताना वॉर्डबॉयनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

रात्र दवाखान्याच्या बाकावर गेली. सकाळी म्हणाले, बॉडी दुपारपर्यंत मिळेल, त्याआधी नाही. चुलत्याला गावाहून आणलं होतं. ती पोरगीही आली होती, भिंतीला टेकून बसली होती. तीच म्हणाली, "मिस्त्री, कपडे बदलून या. सगलं रगात हाय अंगावर."

मी शेडवर आलो. कपडे बदलायचे राहिले. बाकावर पटाशी होती, आदल्याच दिवशी धार लावलेली. ती उचलली. तो चौकीत होता, चौकी कुठं आहे ते मला माहीत होतं. त्याला कोर्टात नेताना बाहेर काढतील, तेव्हा एवढ्याशा पटाशीनंही काम होतं. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दारापर्यंत गेलो. दाराला त्या टॉमीचा अडसर होता, तो काढायला वाकलो तर बाजूला हौद दिसला.

उजवी पट्टी पाण्यात होती. रात्रभर तशीच राहिली होती. शिसव जास्त भिजलं की दम सोडून देतं, मग ते कामाचं राहत नाही. अजून तासभर ठेवली असती तर गेली असती.

उजवी सकाळी, असं ती म्हणाली होती.

मी पटाशी बाकावर ठेवली. बर्नर पेटवला. थेंब टाकला, बसून राहिला. थांबलो. परत टाकला, नाचला. पट्टी पाण्यातून काढून पाइपावर धरली. मी माझ्याच जागेवर उभा होतो, दाराकडं. पूर्वी एकटा होतो तेव्हा उजवीसाठी मी पलीकडं भिंतीकडं जाऊन उभा राहायचो. त्या दिवशी मी तिकडं, तिच्या जागेवर, गेलो नाही.

दोन्ही टोकं धरून दाबली. कोयता दिसत होता, बर्फाचं पाणी दिसत होतं, मी दाबतच गेलो. सगळा जोर लावला. लाकूड 'कट' बोललं.

मी थांबलो. पाण्याचा शिंतोडा मारला. वाफ डोळ्यांत गेली. हात तसेच ठेवून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग आली. पोट झालं, पट्टी उलटी करून कंबर झाली, खांदा झाला. कुठं चीर नाही, कुठं काळी नाही. इतकी सुरेख मी एकट्यानं कधीच वाकवली नव्हती.

साच्यापाशी नेली. उजव्या जागेत घातली तर बसेना. फिरवली, तरी बसेना. तेव्हा लक्षात आलं. रुंद टोक माझ्याच बाजूला राहिलं होतं. घ्यायला समोर कुणी नव्हतं. ही पण डावीच झाली होती, आणि साच्यातल्या डाव्या जागेत कालची आमची दोघांची पट्टी आवळलेली होती.

पट्टी अजून कढत होती. हातातल्या हातात सरळ व्हायला बघत होती. मी बाकाला टेकून खाली जमिनीवर बसलो, तिचं पोट छातीशी घेतलं, दोन्ही तळव्यांनी कंबर दाबून धरली, आणि गार होईस्तोवर धरून बसलो.